दाताला जिना कळत नाही

टाचणीबाईंच्या तोंडात दात जास्त की टाचण्या जास्त, यावर इमारतीत सरळ दोन तट होते, आणि तळमजल्यावरच्या मावशी टाचण्यांच्या तटाच्या पुढारी. बाई शिवणकाम करायच्या. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात टाचण्यांचा झुबका धरायचा आणि दिवसभर त्याच तोंडानं बोलायचं, ही त्यांची उभ्या आयुष्याची रीत. जबडा घट्ट, ओठ हलायचे नाहीत, आवाज तेवढा दातांच्या फटीतून झिरपायचा. नवख्या गिऱ्हाइकाला निम्मं कळायचंच नाही. "हात खाली" म्हटलं की लोक खाली बसायचे.

राहायला त्या पहिल्या मजल्यावर, पण शिवायची खोली तिसऱ्यावर, अगदी छपराखाली. लिफ्ट नाही. तरीही त्या खोलीवरून त्यांनी घरमालकाशी असं काही भांडण मांडलं होतं की शेवटी तो दुसरीकडे राहायला गेला. (तो बदलीमुळे गेला असं कुणी सांगेल. सांगू द्या.) कारण एकच, उजेड. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेल असा उजेड अख्ख्या इमारतीत त्या एकाच खोलीत यायचा. "माझे डोळे पहिल्या मजल्यावर राहतात," बाई म्हणायच्या, "पण उघडतात तिसऱ्यावर."

आणि एक नियम. जिना चढून आलेल्या माणसाचं माप बाई लगेच घ्यायच्या नाहीत. दाराशी एक स्टूल होतं. "बसा आधी. धापा टाकणारी छाती खोटं बोलते, बोटभर जास्तच भरते." गिऱ्हाईक बसायचं, श्वास खाली बसायचा, आणि मगच गळ्यातली टेप निघायची.

तर हे स्टूल मध्येच एक दिवस दारातून उठलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जाऊन बसलं.

"गिऱ्हाइकांची सोय हो," बाईंनी जाहीर केलं.

मावशींना सोयी कळतात. चहा गाळता गाळता त्यांनी दाराच्या फटीतून, जिन्याच्या मधल्या पोकळीतून वर, चार दिवस पाहिलं. स्टुलावर गिऱ्हाईक एकही बसलं नाही. बसायच्या त्या बाईच. काखेत काळ्या कापडाचं गुंडाळं, डावा हात गालाखाली, नजर समोरच्या भिंतीवर. थोडा वेळ बसायच्या, मग उठून वर जायच्या, जणू काही झालंच नाही.

झालं होतं ते असं. खालचा जबडा दुखायचा. ठणका नव्हे, कळ नव्हे, आतून कुणी मूठ आवळावी तसं. कापडाचं ओझं घेऊन जिना चढताना यायचं, कधी जड इस्त्री रेटताना. थांबलं की ओसरायचं. बाईंनी निदान जागच्या जागी करून टाकलं. टाचण्या! इतकी वर्षं जबडा आवळून धरला, तो आता हिशेब चुकता करतोय. नवऱ्यालाही पटलं, मावशींनाही पटलं. इतकं सोपं उत्तर हातात असल्यावर दुसरं शोधतंय कोण?

मग बाईंनी जे केलं त्यानं इमारत हादरली. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. एकदम. डाव्या मनगटाला भुशाची छोटी गादी बांधली आणि सगळ्या टाचण्या तिच्यात खोचल्या. पहिले दोन दिवस ओठ आपोआप गादीकडे वळायचे, पण बाई म्हणजे बाई. एकदा नाही म्हटलं की नाही. गंमत पुढेच झाली. बाई आता स्वच्छ बोलायला लागल्या, आणि इतकी वर्षं त्या काय काय बोलत होत्या ते लोकांना पहिल्यांदाच कळलं.

"पोट आत घेऊ नका, कोट तुम्हाला शिवायचाय, तुमच्या इच्छेला नाही," त्या एका जाड्या गृहस्थाला म्हणाल्या.

"ह्या असं नेहमीच म्हणायच्या का हो?" त्यानं खाली येऊन बसवाल्यांना विचारलं.

बसवाले म्हणजे बाईंचा नवरा. आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेले, बोलायला कमी, ऐकायला तयार. "नेहमीच," ते म्हणाले. "टाचण्या होत्या तेच बरं होतं."

टाचण्या गेल्या. दुखणं राहिलं.

अशा वेळी दुसरी एखादी बाई गप्प बसली असती. टाचणीबाईंनी गुन्हेगार बदलला. टाचण्या नाहीत तर दाढ! खालच्या डाव्या बाजूची शेवटची दाढ उपटून टाकायची, असा ठराव त्यांनी एकमतानं पास केला. मत त्यांचं एकटीचंच होतं. घाई होती तीही एका कामाची. गावच्या वाद्यवृंदाचे सगळे काळे कोट यंदा त्यांच्याकडे आले होते. व्हायोलिनवाल्यानं हात उचलला तरी खांदा चढता कामा नये, असे कोट. असं काम आयुष्यात एकदा दारात येतं, आणि ते जबड्यापायी अडतंय म्हणजे काय!

दातांचे डॉक्टर त्याच इमारतीत, तळमजल्यावर, मावशींच्या शेजारी. बाई खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं, बोट दाखवलं. "ही काढा."

डॉक्टरांनी आरशानं पाहिलं, बारीक हातोडीनं टकटक केलं, फोटो काढला, तो उजेडात धरला. मग म्हणाले, "बाई, ही दाढ माझ्या दाढेपेक्षा चांगली आहे."

"मग तुमचीही काढून घ्या. माझी आधी."

"चावताना दुखतं?"

"नाही."

"गार पाणी लागतं?"

"नाही हो."

"मग कधी दुखतं?"

"सांगितलं ना, जिना चढताना."

डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "आणि बसलात की?"

"थांबतं."

"बाई," डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले, "दाताला जिना कळत नाही. तो जेवताना दुखेल, झोपताना दुखेल, पण तुम्ही पहिल्या मजल्यावर आहात की तिसऱ्यावर, हे त्याला कुणी सांगायचं? चढलं की येतं आणि थांबलं की जातं, असं दुखणं मी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवतो. याच आठवड्यात जायचं. आणि ते कापडाचं ओझं आजपासून तुम्ही उचलायचं नाही."

"जबडा दुखतो म्हणून हृदयाचा डॉक्टर? उद्या पाय मुरगळला तर न्हाव्याकडे पाठवाल."

"दम लागतो का?"

बाईंनी मनगटावरच्या गादीतली एक टाचणी उपसली आणि पुन्हा तिथंच खोचली.

"तुमच्या घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"आमच्यात कुणाला नाही. आई अपचनानं गेली, दोरीवर कपडे घालता घालता." एवढं बोलून बाईंनी स्वतःच स्वतःचं वाक्य ऐकलं. आता टाचण्या नव्हत्या ना तोंडात, सगळं स्वच्छ ऐकू आलं. अपचनानं कुणी कपडे वाळत घालता घालता जातं? आईचं वय तेव्हा किती होतं? जवळपास आपल्याएवढंच.

"दाढ काढणार की नाही?" त्यांनी तरी विचारलंच.

"नाही."

बाई तणतणत बाहेर पडल्या. पण मावशींनी पाहिलं, वर जाताना त्या स्टुलावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

खरी अडचण दुखण्याची नव्हतीच. बसवाल्यांचा रक्तदाब चढा, तर त्यांना दर तपासणीला कॉलर धरून नेणारी ही बाई. त्यांच्या ताटातलं मीठ मोजणारी, गोळी गिळली की जीभ दाखवायला लावणारी. तिचा स्वतःचा रक्तदाब कुणी पाहिलाच नव्हता. अख्ख्या गल्लीची मापं घेतली, हिचं माप घ्यायचं मात्र राहून गेलं. आणि आता तिला दिसत होतं ते एकच: हृदयाचा डॉक्टर म्हणजे सुरी, सुरी म्हणजे सक्तीची विश्रांती, आणि विश्रांती म्हणजे तिसरा मजला बंद. खालच्या अंधाऱ्या खोलीत बसून उशांचे अभ्रे शिवायचे. त्यापेक्षा जबडा दुखलेला बरा!

रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं, "कोट झाले की जाईन."

"आधी जाऊ," बसवाले म्हणाले.

"कोट—"

"अगं, गाडी गरम होतेय हे दिसत असताना मी कधी म्हटलं का, उतारू पोचवतो आणि मग बघतो? रस्त्याच्या कडेला उभी केली, शिव्या खाल्ल्या, पण उभी केली. बटणं मी लावीन. कोटांची."

"तुम्ही? बटणं?"

"शिकव."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस सुईत दोरा ओवायलाही गल्लीतल्यांना हाक मारायचा. बाई उठल्या, ताटं उचलली, नळाखाली धरली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परवा जाऊ. पण एक सांगते, तिसरा मजला सोडणार नाही. डॉक्टर काहीही म्हणू दे."

परवा गेल्या.

हृदयाच्या डॉक्टर बाईमाणूस निघाल्या, उंच, चष्म्याच्या, पांढऱ्या कोटाचा डावा खांदा उतरलेला. बाईंची नजर आधी त्या खांद्यावर गेली आणि जीव थोडा निवळला. डॉक्टरांनी घाई केली नाही. कधी दुखतं, किती वेळ, कशानं थांबतं, झोप, सिगारेट, साखर, आईचं काय झालं, सगळं विचारलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तो बसवाल्यांपेक्षा चढा निघाला.

"बघा," बसवाले म्हणाले, "मीठ कोण खात होतं ते."

"गप्प बसा हो."

मग छातीला तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढला. कागद सरसरत बाहेर आला. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, "यात काही बिघाड दिसत नाही."

बाई टुणकन उठून बसल्या. "पाहिलंत! चला हो घरी, कोट पडलेत."

"थांबा, थांबा," डॉक्टर हसल्या. "तुम्ही काम काय करता?"

"शिवते. माणसाला आधी बसवते, दम बसला की माप घेते."

"बरोबर, कपड्याला तेच माप हवं. पण मला उलटं हवंय. तुम्ही पडून आहात, हृदय आरामात आहे, ते आता कशाला तक्रार करेल? तुमचं दुखणं जिन्यावर येतं. मला तुम्हाला चालवून माप घ्यायचंय."

बाईंना हे पटलं. तीच तर पंचाईत. कामाची भाषा समोरच्यानं बरोबर वापरली की त्यांना भांडता यायचं नाही.

"आणि मग छाती फाडणार?"

"मी कुणाचीच छाती फाडत नाही. ते शल्यविशारद, ते वेगळे, आणि त्यांची गरज फार थोड्यांना लागते. माझं काम म्हणजे विचारणं, ऐकणं, तपासणं, पुष्कळदा नुसत्या गोळ्या देणं, आणि त्या घेताय का यावर कटकट करणं."

"म्हणजे मी यांच्याशी करते तेच," बाई म्हणाल्या.

आता चालता पट्टा. बाईंना बूट घालायला लावले, छातीला पुन्हा तारा, समोर आलेख दाखवणारा पडदा. बसवाले अर्ध्या ओढलेल्या हिरव्या कापडी पडद्यापलीकडे बाकावर, टोपी मांडीवर. पट्टा सुरू झाला, बाई चालू लागल्या. थोड्या वेळानं पट्टा चढणीला लागला, वेगही वाढला.

"जबडा दुखला, छाती आवळली, दम लागला, काहीही झालं तर लगेच सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या.

"सांगीन."

बाईंनी समोरच्या दांड्याला पकडलं. डोळ्यांपुढे तिसरा मजला होता. हा आपला जिनाच समजायचा. पहिलं वळण, दुसरं वळण. पास झालं पाहिजे. आयुष्यात एवढी एकच परीक्षा दिलीय, ती नापास व्हायची नाही. दुसऱ्या वळणाशी मूठ आलीच, जबड्यात, नेहमीच्या जागी. बाईंनी ओठ मिटले.

"दुखतंय का?"

"नाही."

पट्टा अजून चढला. मूठ आवळत चालली.

"नक्की?"

"नाही... दुखत."

आणि पडद्यापलीकडे बसवाले ताडकन उभे राहिले. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला हा आवाज ओळखायला वेळ लागला नाही. जबडा घट्ट, ओठ बंद, शब्द दातांच्या फटीतून. तोंडात एकही टाचणी नसताना.

"डॉक्टर!" ते पडदा बाजूला सारून ओरडले. "ती टाचण्या असल्यासारखी बोलतेय! दुखतंय तिला! थांबवा!"

"कागदही तेच म्हणतोय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा हात आधीच बटणावर होता. पट्टा मंदावला. बाईंना धरून पलंगावर बसवलं, जिभेखाली एक बारीक गोळी ठेवली. हळूहळू मूठ सुटली.

"मला फसवून तुम्हाला काय मिळणार होतं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागला.

"तिसरा मजला," बाई म्हणाल्या. आता स्वच्छ.

मग सगळं बाहेर आलं. उजेड, काळा दोरा, व्हायोलिनवाल्यांचे खांदे, अभ्रे. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा मजला मी काढून घेत नाही. रक्त नेणारी एखादी नळी आत अरुंद झाली असणार. बसल्या जागी हृदयाला पुरेल तेवढं रक्त जातं, चढताना पुरत नाही, मग ते ओरडतं. कुणाच्या छातीत ओरडतं, कुणाच्या हातात, पाठीत, तुमच्या जबड्यात. बायकांचं पुष्कळदा असं आडवळणानं येतं, नुसता थकवा म्हणूनही येतं, आणि मग दाढा निघतात. श्रमानं येतं, थांबलं की जातं, तोवर माझ्याकडे चालत यायला वेळ असतो. पण एक नीट ऐका. हेच दुखणं कधी बसल्या जागी आलं, गोळी ठेवूनही पाच मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत घाम सुटला, श्वास कोंडला, तर माझी वेळ घ्यायची नाही, जिना उतरायचा नाही, दातवाल्यांना विचारायचं नाही. थेट रुग्णवाहिका."

"ऐकलंत ना?" बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी ऐकलं. तू ऐकलंस का?"

पुढची तपासणी चार दिवसांत झाली. मनगटातून एक केसासारखी नळी हृदयापर्यंत न्यायची, आतला रस्ता पडद्यावर बघायचा, आणि अडलं असेल तर तिथंच मोकळं करायचं. बाईंनी आपलं उजवं मनगट पुढे केलं. "यातून घाला. डाव्यावर माझ्या टाचण्या असतात."

पूर्ण शुद्धीत होत्या त्या. पडद्यावर स्वतःचं हृदय धडधडताना पाहिलं, आणि एका जागी नळी चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली, तीही पाहिली.

"शिवणार का आता?" त्यांनी विचारलं.

"शिवत नाही," मास्कच्या आतून डॉक्टर म्हणाल्या. "अस्तर लावते. बारीक जाळीचं."

"उलटी बाजू आत जाऊ देऊ नका," बाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांना हसू आवरेना.

घरी आल्यावर तिसरा मजला बंद नव्हता, पण लगेच उघडाही नव्हता. आधी सपाट रस्त्यावर चालणं, रोज थोडं जास्त. रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी, चरबीची, आणि एकही चुकवायची नाही. बसवाल्यांनी सूड उगवला. गोळी गिळली की म्हणायचे, "जीभ दाखव." दोघांच्या ताटांत मीठ सारखंच कमी झालं. मधल्या काळात त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून बटणं लावली. पहिली सगळी बाईंनी उसवायला लावली. दुसरीही. तिसऱ्या खेपेला नुसतं "हं" म्हणाल्या. वाद्यवृंदवाल्यांनी तारीख पुढे ढकलली. कोट थांबतात, हे बाईंना पहिल्यांदाच कळलं.

आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, आता चढा. हळू, ओझ्याशिवाय, वाटेत बसून. जिन्याशी भांडू नका म्हणाल्या.

त्या सकाळी मावशींच्या दाराला फट नव्हती, दार सताड उघडं होतं. दातांचे डॉक्टरही हातात आरसा घेऊन उंबऱ्यात. बाई निघाल्या, मनगटाला गादी, गळ्यात टेप. मागून बसवाले, खांद्यावर काळ्या कापडाचं गुंडाळं, दोन पायऱ्या अंतर ठेवून.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टूल होतंच. बाई त्याच्यापाशी थांबल्या. आधीची टाचणीबाई असती तर आज त्या स्टुलाकडे ढुंकून पाहिलं नसतं, मुद्दाम. ह्या बसल्या. सगळ्यांच्या देखत, ऐटीत, हात मांडीवर ठेवून. "बघताय काय? धापा टाकून वर गेले तर टेपही खोटं बोलेल."

"दुखतंय का गं?" खालून मावशींनी ओरडून विचारलं.

दातांचे डॉक्टर आरशासकट उंबऱ्याबाहेर आले. बसवाले तर खांद्यावरच्या कापडासकट कान लावून उभे.

"नाही," बाई म्हणाल्या.

ओठ पूर्ण उघडून, मोकळ्या जबड्यानं, पार तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. बसवाल्यांनी तो आवाज आत कुठंतरी तपासून घेतला, मान हलवली आणि कापड दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"चला," ते म्हणाले. "वर उजेड आलाय."